कोपराला गूळ

हात पाण्यात घाला. मनगटापर्यंत पुरे.

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावरचं तूलाँ हे बंदर, साल 1917. नौदलाच्या गोदीतल्या एका टाकीशी तुम्ही उभे आहात. बाहेर महायुद्ध चालू आहे, जर्मन पाणबुड्यांनी जहाजं बुडवण्याचा सपाटा लावलाय, आणि पॉल लांजव्हँ नावाचे मिशाळ प्राध्यापक पाण्याखालची पाणबुडी आवाजाने हुडकता येते का हे बघतायत. पाण्यात क्वार्ट्झच्या स्फटिकाची चकती बसवलेली आहे. भराभर दिशा बदलणारी वीज दिली की ती थरथरते, आणि इतक्या वेगाने थरथरते की तो आवाज आपल्याला ऐकूच येत नाही. सेकंदाला 20,000 कंपनांच्या पुढे माणसाचा कान ठार बहिरा. स्फटिक आणि वीज यांचं हे सूत प्येर क्युरी आणि त्यांचे भाऊ झाक यांनी 1880 साली पॅरिसमध्ये पकडलं होतं. लांजव्हँ हे प्येर क्युरींचेच विद्यार्थी.

तर हात. चकतीसमोर पाण्यात बुडबुड्यांची बारीक रेघ दिसतेय. एक चिमुकला मासा तिच्यात शिरतो आणि मरून तरंगायला लागतो. आता तुमची बोटं तिथे पोचतात. कातडीला काहीच होत नाही. पाणी थंडच आहे. आणि तरीही आत, अगदी आत, कोणी हाडं विस्तवावर धरावीत तसं होतं. तुम्ही हात झटक्यात बाहेर काढता.

ही कळ जपून ठेवा. पुन्हा भेटली की ओळखता आली पाहिजे.

तुम्हाला इथे आणलं ते तुमच्या उजव्या कोपरासाठी. आयुष्यात कधी रॅकेट धरली नाही, पण गच्चीवरच्या झाडांना बादल्या नेऊन नेऊन टेनिस एल्बो झाला. फिजिओथेरपीच्या मॅडमनी दहा सिटिंग सांगितली. आज सातवं. त्यांनी कोपराला गार जेल फासलं, धातूचं गोल डोकं त्यावर गोल गोल फिरवायला लागल्या आणि म्हणाल्या, ‘‘काका, याने औषध आत जातं.’’ तुमच्या मनात आलं, कसं जातं? आवाज काय औषध खांद्यावर घेऊन जातो? तेवढ्यात तुम्ही तूलाँला पोचलात.

शेजारी उभा असलेला तो उंच पाहुणा अमेरिकन आहे, रॉबर्ट वुड. पदार्थविज्ञानातला बडा माणूस. मेलेला मासा आणि हाडं तापवणारं थंड पाणी त्याच्या डोक्यातून जात नाही. त्याच्या मागे मागे चला.

दहा वर्षं उलटलीत. न्यूयॉर्कजवळ टक्सिडो पार्क नावाची धनिकांची वसाहत आहे. तिथल्या एका भल्यामोठ्या दगडी वाड्यात आल्फ्रेड लूमिस राहतो. धंद्याने वॉल स्ट्रीटचा सावकार, आवडीने शास्त्रज्ञ. (आपल्याकडे पैसेवाले देऊळ बांधतात, याने प्रयोगशाळा बांधली.) त्याने वुडला बोलावून घेतलंय आणि दोघांनी मिळून 50,000 व्होल्टवर चालणारं यंत्र उभं केलंय. तेलाच्या भांड्यात क्वार्ट्झची चकती. वीज सोडली की शांत तेलाच्या मधोमध चांगला सात सेंटिमीटरचा उंचवटा उठतो आणि त्याच्या शेंड्यावरून थेंब कारंज्यासारखे उडायला लागतात. तेल उकळत नाहीये. तेलाला आतून आवाज ढकलतोय.

वुड तुमच्या हातात काचेची एक दांडी देतो. तिचं खालचं टोक तेलात आहे, वरचं ओढून धाग्याइतकं बारीक केलंय. हलकेच धरा. काही नाही. आता चिमटीत दाबा. तुम्ही ओरडता. बोटावर भाजल्याची बारीक खाच उमटलेली आहे. तो हसतो आणि थर्मामीटर पुढे करतो. पारा 25 अंशांवर, आणि नळी दाबून धरवत नाही. दांडीचं टोक त्याने लाकडाच्या ढलपीवर टेकवलं तर ढलपीतून धूर यायला लागतो.

काच गरम नव्हतीच. आवाज काचेतून बिनबोभाट चालला होता. तुमच्या बोटाने त्याची वाट अडवली आणि अडला तिथे त्याची उष्णता झाली. पुढचा सगळा प्रवास या एका गोष्टीवर चालणार आहे: आवाज वाहतो तिथे त्याचा पत्ता लागत नाही, अडतो तिथे तो काम करतो.

बर्लिनला फार थांबू नका. 1939 साल आहे, बाहेरचं वातावरण तुम्हाला माहीत आहे. एवढंच बघून घ्या की राइमार पोलमान यांनी हाच आवाज पुष्कळ सौम्य करून सायटिकाच्या रोग्यांच्या अंगाला लावलाय. मासे मारणाऱ्या आवाजाचा शेक झाला. मग युद्ध. 1949 साली एर्लांगेनला या उपचाराची मोठी परिषद भरते, आणि पन्नास साल उजाडेपर्यंत युरोपातल्या बऱ्याच डॉक्टरांच्या खोल्यांत हे खोकं येऊन बसतं.

आता व्हिएन्ना. इथे मात्र निवांत बसा.

1954 साल. शहर अजून चार विजेत्या देशांच्या ताब्यात आहे, रस्त्यात चार गणवेशांचे शिपाई दिसतात. तुम्ही विद्यापीठाच्या रुग्णालयात बाकावर बसलेले. शेजारच्या बाईंची बोटं बघा. सांधे सुजून बोरांएवढे झालेत. त्यांना पर्सची कडी उघडता येत नाहीये. तुम्ही उघडून देता.

सहा वर्षांपूर्वी, सप्टेंबर 1948 मध्ये, अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकमध्ये फिलिप हेंच यांनी अशाच एका रोगी बाईंना कॉर्टिझोन दिलं होतं आणि काही दिवसांत त्या चालायला लागल्या. जगभर गाजावाजा झाला. 1950 साली नोबेलही मिळालं. मग हळूहळू दुसरी बाजू पुढे आली: चेहरा चंद्रासारखा गोल सुजतो, हाडं ठिसूळ होतात, मन थाऱ्यावर राहत नाही. औषध अमृत, पण सगळ्या शरीरभर फिरलं की विष. दुखतो तो सांधा फक्त. औषध तेवढ्याच सांध्यात कसं पोचवायचं? एक वाट सुईची. पण दोन्ही हातांच्या बोटांचे सांधे मोजा, आणि प्रत्येकात सुई खुपसायची कल्पना करा. दुसरी वाट मलमाची. मलम सोपं, न दुखणारं, स्वस्त. अडचण एकच. ते वरच राहतं.

आपल्या भाषेत यासाठी नेमका शब्दप्रयोग आहे: कोपराला गूळ लावणे. गूळ तिथेच आहे, दिसतो, वासही येतो. जीभ मात्र पोचत नाही. कातडीला लावलेलं मलम आणि कातडीखालचा सांधा यांचं अगदी असंच आहे. अंतर म्हणाल तर दोन-चार मिलिमीटर. तेवढ्यात सगळं आलं.

कार्ल फेलिंगर आणि त्यांचे सहकारी श्मिड यांनी मग दोन गोष्टी एकत्र केल्या. सुजलेल्या बोटांवर हायड्रोकॉर्टिझोनचं मलम लावायचं आणि त्यावरून आवाजाचं डोकं फिरवायचं. डोकं फिरवणारे हात तुम्ही बघता. सावकाश, गोल गोल, कोणी तव्यावर तूप पसरावं तसे. शेजारच्या बाई डोळे मिटून बसल्यात. काही वेळाने त्या बोटं दुमडून बघतात आणि म्हणतात, बरं वाटतंय.

मलमाने बरं वाटलं, का आवाजाच्या उबेने? का कोणीतरी इतका वेळ आपला हात हातात धरला, त्याने? तुमच्या ओठांवर प्रश्न येतो, पण विचारायचं कोणाला? या उपचाराचं नावही अजून सर्वमान्य झालेलं नाही. पुढे त्याला फोनोफोरेसिस म्हणतील. ग्रीक शब्द आहे, अर्थ साधारण ‘आवाजाने वाहून नेणे’. नावातच उत्तर गृहीत धरलंय, आणि असं नाव एकदा पडलं की लोक तपासायचं विसरतात.

अगदीच विसरले असं नाही. 1963 साली अमेरिकेत ग्रिफिन आणि टचस्टोन डुकरांच्या कातडीला कॉर्टिसोल लावून, आवाज देऊन, खालच्या स्नायूत ते किती उतरलं हे शोधतायत. उतरलंय. 1967 साली ग्रिफिन आणि मंडळी 102 रोगी घेतात. काहींना मलम आणि आवाज, काहींना नुसता आवाज. पहिल्या गटात 68 टक्क्यांना चांगला फरक, दुसऱ्यात 28. एवढं हाती आल्यावर कोण थांबणार? पुढची पंचवीस वर्षं जगभरच्या फिजिओथेरपिस्टांनी मलम फासलं आणि डोकी फिरवली. त्या रांगेच्या एका टोकाला तुमच्या मॅडम आहेत.

इथून पुढे जाण्याआधी लहान व्हा. खूप लहान. तुमच्याच कोपराच्या कातडीवर उतरायचंय.

पायाखाली मेलेल्या पेशींची फरशी आहे. चपट्या, कोरड्या, केराटिनने ठासून भरलेल्या पेशी, एकावर एक पंधरा-वीस थर. सगळे थर मिळून जाडी जेमतेम 15 मायक्रॉन. केसाच्या जाडीचा पाचवा हिस्सासुद्धा नीट भरणार नाही. दोन पेशींच्या मध्ये स्निग्ध पदार्थ भरलेला. 1975 साली मायकेल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या थराला विटांच्या भिंतीची उपमा दिली: पेशी म्हणजे विटा, मधली चरबी म्हणजे गारा. आजवर कोणाला याहून चांगली उपमा सुचलेली नाही. या भिंतीमुळे तुम्ही आंघोळीत विरघळत नाही आणि उन्हात वाळून जात नाही. तिचं कामच मुळी नकार देणं. रेणू लहान असेल, थोडा तेलकट असेल, तर गाऱ्यातून वाकडीतिकडी वाट काढत तासनतास चालून तो पलीकडे जातो. वजन 500 डाल्टनच्या वर गेलं की जवळजवळ दार बंद. हायड्रोकॉर्टिझोन 362 चा, म्हणजे निदान रांगेत उभा राहू शकतो. इन्सुलिन 5,800 चं. त्याने इकडे फिरकूच नये.

एक मलमाचा डोंगर तुमच्या शेजारी येऊन पडतो. तुम्ही वाट बघता. तो तिथेच बसून राहतो.

पुन्हा मोठे व्हा. 1992. एका टेबलावर साधी मांडणी आहे: एका बाजूने आवाज सोडायचा, दुसऱ्या बाजूला किती पोचला ते मोजायचं, आणि मधे फिजिओथेरपीत नेहमी वापरतात ती मलमं एकेक करून ठेवायची. पाण्यातून जेवढा आवाज जातो तो 100 धरायचा. मिशेल कॅमरॉन आणि लिंडा मन्रो यांचा हा प्रयोग, आणि काटा बघायचा मान तुमचा. अल्ट्रासाऊंडचं नेहमीचं पारदर्शक जेल: 96. छान. आता हायड्रोकॉर्टिझोनचं पांढरं क्रीम, 1 टक्का.

शून्य.

10 टक्क्यांचं क्रीम आणा. शून्य. तेच क्रीम निम्मं जेलमध्ये कालवून? शून्य.

पांढऱ्या, घट्ट क्रीममध्ये हवेचे अगणित कण अडकलेले असतात, आणि हवेच्या भिंतीवर आवाज आपटला की तो माघारी फिरतो. टक्सिडो पार्कची काच आठवा: अडला तिथे काम करतो. म्हणजे इतकी वर्षं जे क्रीम आवाजाच्या खांद्यावर बसून आत जायचं, त्याने आवाजालाच दारात अडवलं होतं. हमालाच्या पाठीवर टाकायचं गाठोडं हमालाच्या वाटेत आडवं पडलेलं. मला तर हा प्रकार सगळ्या कथेतला सर्वांत गमतीचा वाटतो, आणि थोडा वाईटही. माणसं प्रामाणिक होती. हात गोल फिरत होते. रोग्यांना बरंही वाटत होतं.

बरं, क्रीम चुकीचं होतं, जेल घेऊ. 1998 साली 49 रोगी, आवाज सहज जाऊ देणारं स्टेरॉइडचं जेल, तीन आठवडे उपचार. निम्म्यांना औषधाचं जेल, निम्म्यांना साधं. दोन्ही गट सारखेच सुधारले. औषधाने काही जास्तीचं दिलं नाही. आणि 2001 साली दोन संशोधकांनी नुसत्या आवाजाच्या शेकावरच्या 35 चाचण्या चाळल्या. त्यातल्या नीट केलेल्या 10 निघाल्या, आणि त्या 10 पैकी 8 मध्ये चालू मशीन आणि बंद मशीन यांत फरक सापडला नाही.

इथे तुम्ही माझ्यावर चिडून घरी जायला निघाल, कोपर चोळत. थोडं थांबा. सहा वर्षं मागे या. केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स.

एमआयटीतली प्रयोगशाळा. कानाला मफ लावा, कारण इथलं यंत्र किंचाळतं. रॉबर्ट लँगर आणि डॅनिएल ब्लँकश्टाइन यांच्या हाताखाली एक तरुण पीएचडी करतोय: समीर मित्रगोत्री. 1992 ला माटुंग्याच्या यूडीसीटीतून केमिकल इंजिनिअरिंग करून आलेला. केमिकल इंजिनिअर त्वचेकडे कसा बघतो? पडदा म्हणून. एका बाजूला इतकं द्रावण, दुसऱ्या बाजूला इतकं, आणि मधे अडथळा. किती वेळात किती गेलं, आणि का गेलं.

त्याने ‘का’ला हात घातलाय. आवाज औषधाला ढकलतो का? मोजून बघितलं, जवळजवळ नाही. ऊब देतो म्हणून जातं का? थोडंसं, पण तेवढ्याने पुरत नाही. मग? बुडबुडे. तूलाँच्या टाकीतली ती बारीक रेघ. आवाजाची लाट द्रवाला आळीपाळीने दाबते आणि ताणते. ताणलं की वायूचा सूक्ष्म बुडबुडा फुगतो, दाबलं की चेपतो, आणि शेवटी फुटतो. विटांच्या भिंतीजवळ, भिंतीच्या फटींत हा खेळ चालला की गारा विस्कटतो. बस, एवढंच. आवाज हमाल नाहीच. तो भिंतीशी धसमुसळेपणा करणारा कोणी आहे, आणि औषध त्या गोंधळात स्वतःच्या पायाने आत जातं.

एकदा हे कळलं की पुढचं पाऊल सरळ दिसतं, निदान मागे वळून बघताना. फिजिओथेरपीचं मशीन सेकंदाला 10 लाख ते 30 लाख कंपनांवर चालतं. त्या वेगात बुडबुड्याला वाढायला फुरसतच नाही; 10 लाखांवर त्याची त्रिज्या भरते जेमतेम 3 मायक्रॉन. वेग कमी करा, 20,000 पर्यंत खाली आणा, कानाच्या उंबरठ्यावर, म्हणून हे किंचाळणं. आता बुडबुडा 150 मायक्रॉनचा होतो. अख्ख्या भिंतीच्या दसपट. फुटला की दणका बसतो. दर सेकंदाला एक दशांश सेकंद आवाज, बाकी शांतता, नाहीतर कातडी भाजेल.

पिंजऱ्यात एक केस नसलेला उंदीर आहे, मधुमेही. पाठीवर इन्सुलिनच्या द्रावणाची छोटी कुपी, त्यात बुडलेली दांडी. सुई नाही. पाय ओढण्यापलीकडे उंदीर काही करत नाही. थोड्या थोड्या वेळाने रक्ताचा थेंब घेतात. साखर उतरतेय.

5,800 डाल्टनचं इन्सुलिन आत गेलंय. ऑगस्ट 1995 च्या ‘सायन्स’मध्ये हे छापून आलं तेव्हा त्यात मानवी त्वचेच्या तुकड्यांतून इंटरफेरॉन आणि एरिथ्रोपोएटिनसारखी याहूनही थोराड प्रथिनं पार गेल्याची नोंद होती. कोपराच्या गुळापर्यंत जीभ पोचली म्हणायची.

पोचली, पण उंदराची. 2004 साली अमेरिकेच्या एफडीएने सोनोप्रेप नावाच्या यंत्राला मान्यता दिली. सेकंदाला 55,000 कंपनं, काही सेकंद त्वचेवर धरायचं, मग बधिर करणारं लिडोकेनचं क्रीम लावायचं. क्रम लक्षात आला ना? आधी आवाज, मग औषध. 1954 चा क्रम उलटा केला. एरवी लिडोकेनला अर्धा तास लागतो, तो काही मिनिटांवर आला. यंत्र फार चाललं नाही. 2023 साली एमआयटीतच अंगाला चिकटणारा लवचिक पॅच झाला. डुकराच्या कातडीतून त्याने नायासिनमाइड 26 पट जास्त नेलं. ते औषध मुख्यतः चेहऱ्याच्या क्रीममध्ये घालतात. आणि इन्सुलिन? तीस वर्षं झाली. तुमची वहिनी आजही जेवायच्या आधी पोटाला सुई टोचून घेते. भिंत मोडता येते हे कळलं. किती मोडायची, रोज मोडायची का, परत किती वेळात बुजते आणि डोस रोज सारखाच जाईल कशावरून, हे प्रश्न उंदराने विचारले नव्हते.

‘‘काका, झोप लागली काय?’’

सातवं सिटिंग. वर पंखा. मॅडमच्या मशीनवर आकडे दिसतात: 3 मेगाहर्ट्झ, पल्स्ड, 0.8. बाजूच्या ट्रेमध्ये ट्यूब पडली आहे. तुम्ही मान वाकडी करून बघता. डायक्लोफिनॅक, जेल. पांढरं नाही, पारदर्शक. मनातल्या मनात तुम्ही मॅडमना पास करता. मशीन चालू आहे का बघायला त्यांनी सुरुवातीला डोक्यावर पाण्याचे दोन थेंब टाकले होते आणि ते थेंब उकळल्यासारखे थरथरले होते. लूमिसच्या वाड्यातलं तेलाचं कारंजं, थेंबाएवढं.

पडद्यापलीकडून कोणीतरी त्यांना काहीतरी विचारतं. मॅडम मान वळवून उत्तर देतात. तेवढ्यात त्यांचा हात थांबतो, डोकं कोपराच्या बाहेरच्या हाडावर स्थिर. एक सेकंद. दोन. कातडी गारच आहे. आणि आत, अगदी आत, हाड तापायला लागतं.

‘‘मॅडम, हात फिरता ठेवा.’’

‘‘सॉरी, सॉरी.’’ डोकं पुन्हा गोल फिरायला लागतं. ‘‘टोचलं का?’’

‘‘टोचलं नाही. तूलाँसारखं झालं.’’

त्या ऐकून न ऐकल्यासारखं करतात. टायमर वाजतो. त्या कापसाचा मोठा बोळा घेऊन कोपराकडे वळतात.

‘‘पुसू नका,’’ तुम्ही म्हणता. ‘‘राहू द्या ते वरच. अजून बरंच चालायचंय त्याला.’’

‘‘अहो, शर्टाला लागेल की.’’

तुम्ही बाही खांद्यापर्यंत गुंडाळता आणि कोपर अंगापासून लांब धरून जिना उतरता. रिक्षावाला विचारतो, काका, हाताला काय झालं?